स्टेशनची सायकल

आमच्या घरात माणसं तीन आणि सायकली पाच. या हिशेबावर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर चर्चा होते. चर्चा म्हणजे ही बोलते आणि मी ब्रेकच्या गट्ट्या तपासत असल्याचं दाखवतो. "एका माणसाला पाय किती असतात हो?" हा तिचा ठरलेला प्रश्न. पाय दोन असले तरी वाटा अनेक असतात, असं एकदा मी म्हणून बसलो. ते वाक्य तिला इतकं पटलं, की त्या रविवारी तिने मला गिरणी, मासळीबाजार आणि रेशन अशा तीन वाटांना लागोपाठ पाठवलं.

पाचांतली पहिली वडिलांची, आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली. अठ्ठावीस इंची चाकं, सळ्यांचे ब्रेक, कातडी सीट. दुसरी मुलाच्या लहानपणची. तो वाढला, ती राहिली. तिसरी गिअरवाली, रविवारी अर्नाळ्याला जाण्यासाठी. चौथी घडीची. एक शेजारी घर बदलताना ती 'ठेवून घ्या' म्हणाले. मी नाही म्हणणार होतो, पण तोवर ती उलगडली होती.

आणि पाचवी स्टेशनची. आमच्या वसई-विरारकडे ही वेगळीच जात आहे. तिचा पहिला गुण म्हणजे कुरूपपणा. सकाळी स्टेशनाबाहेर लावायची, ती रात्री परतेपर्यंत जगाच्या भरवशावर. तेव्हा चोराने तिच्याकडे बघावं, त्याला कणव यावी आणि त्याने पुढे जावं, इतकी तिची अवस्था राखावी लागते. तीही एक प्रकारची निगाच. माझी ॲटलास या कलेचा उत्तम नमुना आहे. चेनकव्हर सुतळीने बांधलेलं, पेडलचं रबर एकाच बाजूला. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला; मुहूर्त नेमका जागतिक सायकल दिनाचा. तेव्हापासून ती पोरकी आहे, आणि दिसतेही तशीच.

स्टेशनाबाहेर ताटकळणं तिच्या नशिबी आलं, त्याला मी वडीलधाऱ्यांचा मान समजतो. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली १२ एप्रिल १८६७ रोजी. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आजच्या सायकलीची आजी शोभेल ती 'रोव्हर' इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी आणली १८८५ साली. डनलॉप यांचा हवेचा टायर आला १८८८ मध्ये. म्हणजे लोकल अठरा वर्षांनी थोरली. थोरलीने आत मिरवावं, धाकटीने दाराशी उभं राहावं, ही आपल्याकडची रीतच आहे.

बाकीच्या चौघी मात्र घरी लाडात. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरलं, की माझा दरबार भरतो. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी आणि मधे मिठागरं. इथल्या हवेत मीठ असं मुरलेलं असतं, की आठवडाभर विसरलेली चेन पापडासारखी कुरकुरते. मग रॉकेलचा फडका, तेलाचे थेंब, चाक उलटं करून आउट काढणं. गिअरवालीचे लाड तर विचारू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसईहून भाईंदरला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा तिला मी खास खाडी दाखवायला नेलं. रस्त्याने ३८ किलोमीटरचा वळसा, पाण्यावरून जेमतेम साडेतीन. त्या दिवशी तिने पायडल मारू दिलं थोडं आणि फोटो काढून घेतले फार.

एका सोमवारी स्टेशनला निघताना ॲटलास बसली. मागचं चाक सपाट. बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे, पॉलिश पेपरने घासायचं, सोल्युशन लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, आणि तोवर माझी लोकल नायगाव ओलांडणार. गिअरवालीचा व्हॉल्व्ह परदेशी वळणाचा, आमचा पंप त्याला ओळख देईना. घडीची उलगडली, पण अर्धीच. मुलाची सायकल मी नुसती बघितली, तर हिने तोंडाला पदर लावला. हवा होती ती फक्त सेन-रॅलेत, कारण दर रविवारी मी ती भक्तिभावाने भरतो, न वापरण्यासाठी.

पहिल्यांदाच तिच्यावरून स्टेशन गाठलं. सीटवर बसलो आणि लक्षात आलं, की हे बसणं माझं नव्हे. कातडं वडिलांच्या बैठकीने कोरलेलं होतं, डावीकडे किंचित कललेलं. ते डाव्या खांद्याला पिशवी अडकवायचे. या सायकलीला मी इतकं जपतो, पण त्यांनी तिला कधी पुसलेलंही मला आठवत नाही. पावसात सीटला दुधाची पिशवी बांधायची, एवढाच लाड. उरलेला दिवस ती स्टेशनाबाहेर, उन्हात, पावसात. म्हणजे माझ्या दरबाराची ही राणी मुळात कोण, तर स्टेशनचीच सायकल!

दिवसभर कचेरीत माझं चित्त स्टँडवर. जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाटलं, घरी फोन करून कुणालातरी बघायला पाठवावं. पण काय बघायला, हे सांगता येईना. संध्याकाळच्या विरार लोकलमधून उतरलो ते शर्टाची तीन बटणं जागेवर आहेत की नाहीत हे न बघता धावतच. सायकल होती. स्टँडवाल्याने मडगार्डवर हात फिरवून विचारलं, "नवी घेतली काय साहेब?"

त्या रविवारी अंगणात पहिला नंबर ॲटलासचा लागला. पंक्चर काढलं, सुतळी बदलली, चेनला तेल दिलं. मुलगा दारात उभा राहून बघत होता. "हिलापण?" त्याने विचारलं. म्हटलं, तीस वर्षांनी तू हीच पुसत बसशील. तो हसला. मीही फडका हातात घेतला, हँडलवरून एकदा फिरवला आणि आवरता घेतला. जास्त चमकवून चालणार नव्हतं. सोमवारी तिला स्टेशनवर उभं राहायचं होतं.