बॉनेट उघडलं की आप्पा

सांगोल्यात कुठंही गाडीचं बॉनेट उघडलं की तिथं आप्पा उभे असतात. बोलावलेलं कुणी नसतं. पंढरपूर रोडला एसटी बंद पडली, तर ड्रायव्हर खाली उतरेपर्यंत आप्पा रेडिएटरवर हात ठेवून “गरम हाय” असा निर्वाळा देऊन मोकळे. ज्या गावच्या आमदारांनी 2022 मध्ये झाडी, डोंगर आणि हाटील एका फोनवर बसवलं, तिथं बोलणारांची वाण नाही. पण आप्पा फक्त बिघाडावर बोलतात.

धंदा बापजाद्यांचा, जनावरांच्या दलालीचा. रविवारच्या बाजारात खिलाराच्या तोंडात हात घालून दात बघायचे, रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर वाढले. नजर आणि रुमाल तेवढा राहिला. गाडीकडंही ते पुढून येत नाहीत. आधी मागून एक चक्कर, मग चाकाला पायाने टोला, मग “हं.” या ‘हं’चा अर्थ दोन तास कळत नाही. मिस्त्रीला गाडी सुरू करण्यात रस असतो. आप्पांना ती सुरू का होत नाही यात.

अशात एका डाळिंब बागायतदाराला दोन पैसे बरे सुटले आणि आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड आठवली. घरात मारुती 800 आली तशी ही शेडात गेली होती. वर कडबा चढला, कडब्यावर डाळिंबाचे क्रेट. ती उकरून काढल्यावर त्याचा पोरगा गावभर “स्पोर्ट्स कार हाय” असं सांगत सुटला. अगदीच थाप नव्हे. हेराल्ड मद्रासला 1961 पासून तयार होत होती. इंजिन 948 सीसीचं, आखणी इटलीच्या मिकेलोत्तीची. विलायतेत याच गाडीची चासी आखूड करून त्यावर 1962 मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही खरी स्पोर्ट्स कार निघाली. म्हणजे नातं चुलत बहिणीचं. सोयरीक जुळवताना आपल्याकडं याहून लांबच्या नात्यावर मोठेपणा मिरवतात.

हेराल्डचं बॉनेट काचेकडून उचललं की मडगार्डांसकट अख्खं तोंड पुढं पालथं होतं आणि चाकावर बसून इंजिनात हात घालता येतो. आप्पा बसले. जन्मभर उभ्याने सल्ला दिलेला माणूस; कुठल्याशा कंपनीने आपली सोय पाहिली म्हणून त्यांचा चेहरा उजळला.

पोराने चावी घातली. “हात काढ!” आप्पा ओरडले. “इतकी वर्सं झोपलेल्याला लाथ घालून उठवतुयास व्हय? पिस्टन धरलं आसंल. रिंगा मोडतील.” प्लग काढून भोकांतून डिझेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. सकाळी टॉप गिअर टाकून गाडी मागंपुढं हलवली तेव्हा इंजिन कुरकुरत फिरलं. मिस्त्री गप्प बसला. आप्पा बरोबर निघाले की त्याच्या पोटात दुखायचं, आणि ते बऱ्याचदा बरोबर निघायचे.

मग वायरी. एक कुरतडलेलं टोक आप्पांनी उजेडात धरलं. “उंदीर. नर.” हे कशावरून, असं कुणी विचारलं नाही. पॉइंटवर गंज होता, तो पॉलिश पेपरने घासला. कार्बोरेटर खोलला तर आतलं पेट्रोल उडून जाऊन जेटमध्ये तपकिरी डिंक बसलेला. मिस्त्रीने तो थिनरने धुतला, जेटमधून फुंकर मारली आणि ताजं पेट्रोल आणायला पोराला पिटाळलं.

इथं आप्पांनी सभा ताब्यात घेतली. “त्या पेट्रोलात ईस टक्के ऊस हाय!” जमलेले बहुतेक ऊसवालेच, त्यांना हे लागलं. पण मुद्दा खरा होता: इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या काळच्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा त्याला टिकत नाहीत. “म्हंजे आमच्याच उसानं आमचीच गाडी मारायची?” बागायतदार म्हणाला. मग कारखान्याच्या थकलेल्या बिलावर अर्धा तास गेला. गाडी तिथंच.

पाइप बदलले, टाकी धुतली. आता फक्त स्टार्टर. आप्पा आडवे आले. “सुरू करायच्या आदी थांबवायचं बगा की, मालक. ब्रेकच्या सिलिंडरातलं रबर मेलेलं आसंल.” माझ्या मते अख्ख्या खटल्यात याहून शहाणं वाक्य कुणी बोललं नाही, म्हणूनच ते कुणी ऐकेना. शेवटी आप्पांनी स्वतः पेडल दाबून दाखवलं. ते थेट तळाला गेलं आणि वर यायचं नाव घेईना. ब्रेक खोलावे लागले. आप्पांचे आणखी काही दिवस सुखात गेले. त्यांची स्वतःची लूना मात्र याच काळात मिस्त्रीकडं पडून होती. “घरच्या दुखण्याला घरचा वैद नको” हे त्यांचं त्यावर उत्तर.

अखेर एका सकाळी हेराल्डने काळा धूर सोडला, दोनदा खोकली आणि धरली. टाळ्या झाल्या, नारळ फुटला, पोरं सेल्फीला धावली. मिस्त्रीलासुद्धा पेढा मिळाला. आप्पांनी कान लावला. “टॅपेट वाजतंय,” ते म्हणाले, पण उगीच, रीत म्हणून. चाकावरून उठले, रुमाल झटकला. बागायतदाराने पेढा पुढं केला तरी आप्पांचं लक्ष शेडाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली.

“त्ये काय हाय, मालक?”

“पाण्याचं इंजिन हाय. आजोबांचंच.”

“बंद हाय?”

“व्हय. मोटर बसवल्यापासनं.”

आप्पांनी पेढा खिशात टाकला आणि मागच्या बाजूने चक्कर मारायला निघाले.