मदनाचं धनुष्य आणि चतुर्थीचा चंद्र

कसबा पेठेत पुराणकथांवर कुणाचं मत मागावं लागत नाही. ते तयारच असतं. त्यामुळे अकरा वर्षांच्या पुतणीनं रोशनी चोक्शी यांची 'अरु शहा' मालिका घरात आणली, तेव्हा मला धास्ती होती ती आईची. पहिल्या भागात (2018) अर्जुनाचा आत्मा अटलांटातल्या एका शाळकरी मुलीत आलाय, इंद्राचं वज्र पिंगपाँगचा चेंडू होऊन तिच्याकडे आलंय आणि शकुनीमामा कबुतर झालाय. पुतणी इंग्रजीतून वाचायची आणि आजीला जमेल तसं मराठीत सांगायची.

आईनं सगळं खपवून घेतलं. शकुनीवर तर ती खूश झाली. आमच्या गॅलरीत कबुतरांनी जे आरंभलंय ते बघता, हे तिला आधीपासून माहीत असावं.

"कीर्तनकार नाही का पदरचं घालत? रंगलं म्हणजे झालं."

नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण लांबलं की श्रोते भिंतीला टेकतात. मग बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि मंडळी सावरून बसतात, कारण आता उत्तररंग, आता आख्यान. दुसरा भाग ऐकायची आईची सवय ही अशी. 'साँग ऑफ डेथ' (2019) आम्ही त्याच आशेनं उघडलं.

त्यात कामदेवाचे धनुष्यबाण चोरीला जातात. आळ येतो अरुवर. पुढच्या पौर्णिमेपर्यंत सोडवून आणले नाहीत तर तिची त्या अद्भुत जगातून कायमची हकालपट्टी.

"मदनाला तर शंकरानं जाळला," आई म्हणाली. "धनुष्य धरत होता कशानं? आणि ते उसाचं गं. ऊस गेला तर आधी रसवंतीवाल्याला विचारायचं, पोरींना काय दरडावतात?"

पुतणीची तक्रार जास्त गंभीर होती. "काका, हा तर पर्सी जॅक्सन!" खरंच की. रिक रायर्डन यांच्या 2005 सालच्या पहिल्या पर्सी जॅक्सनमध्येही झ्यूसचं वज्र चोरीला जातं, आळ पर्सीवर येतो आणि शोधायला मुदत मिळते. अरु शहा येते तीही रायर्डन यांच्याच नावाच्या पुस्तकमालेतून. म्हणजे वाटीभर साखर शेजारी न जाता घरातल्याच डब्यातून उसनी घेतली. शूर्पणखेचं दुःख लेखिकेनं ऐकून घेतलंय, ते मला आवडलं. पण तिथवर पोचेपर्यंत नवे सवंगडी, नागलोक आणि विनोदावर विनोद यांतून वाट काढता काढता मी दोनदा पेंगलो.

आई मात्र आळापाशीच अडली होती. "आळ आला कशानं?" पुतणी पानं चाळून सांगू लागली, तशी म्हणाली, "ते असू दे. चतुर्थीचा चंद्र बघितला होता का तिनं?"

मानाच्या पहिल्या गणपतीची पेठ ही. भाद्रपदातल्या त्या रात्री भलीभली माणसं नजर फरशीवर ठेवून घराकडे येतात. चुकून वर बघितलं तर चोरीचा आळ, साक्षात कृष्णाला चुकला नाही. मग आईनं स्यमंतक काढला. सत्राजिताचा मणी गळ्यात घालून प्रसेन शिकारीला जातो, त्याला सिंह मारतो, सिंहाला जांबवान. आणि द्वारकेत चोर ठरतो कृष्ण. माग काढत तो गुहेत शिरतो, तर अस्वलाचं पोर त्या मण्याशी खेळत बसलेलं! पुढं अठ्ठावीस दिवस कुस्ती. पुतणीच्या हातातलं पुस्तक कधी मिटलं ते तिलाही कळलं नाही.

आळ, गुहा, अस्वल, कुस्ती, सगळा माल घरचा. आणि लेखिका गेल्या ग्रीकांच्या दारी!

"आजी, तिसरा भाग कल्पवृक्षाचा आहे," पुतणी म्हणाली. तिची आशा अजून सुटलेली नव्हती.

"वा! मग त्याच्याकडे आधी दुसरा भाग मागून घ्या."