बिनझाकणाची टाकी

भांडुपला दिवसाला 2000 दशलक्ष लिटरचं नवं जलशुद्धीकरण केंद्र होतंय, ही बातमी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पोचली आणि सर्वसाधारण सभेचा कोरम पाच मिनिटांत भरला. एरवी त्यासाठी सामोसे मागवावे लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच घरटी हिशोब मांडायला घेतला. कॅल्क्युलेटरवर शून्यं मावेनात, म्हणून त्यांनी मोबाइल आडवा धरला. पाठोपाठ गाड्या रोज धुवाव्यात, गच्चीवर बाग करावी आणि पहाटे पाण्यासाठी उठणं बंद करावं, असे तीन ठराव एकमताने मंजूर झाले.

रंगाचा बेरंग करायला मी होतोच. म्हटलं, "काका, तिथल्या जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला 1910 दशलक्ष लिटर आहे. त्याने चाळिशी ओलांडलीय, ते थकलंय. नवं येतंय ते त्याच्या जागी. वजाबाकी करा, हाती 90 लागतात. शिवाय केंद्रात पाणी पिकत नाही, आलेलं पाणी फक्त गाळलं जातं. ते येतं भातसा, तानसा, वैतरणेहून. भातसा-तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात."

सभा दोन क्षण गप्प झाली. मग मागून एकाने विचारलं, "आपल्याकडे टँकर कितीला पडतो?"

खरं तर भांडुपचं काम आजीच्या माठासारखंच. ती पाण्यात तुरटी फिरवायची. तिथे तुरटीच्याच जातीचं रसायन घालून पाणी ढवळतात. गाळाचे पुंजके जड होऊन तळाशी बसतात, वरचं निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. एवढे सोपस्कार होऊन ते पाणी आमच्या दारात येतं, मीटरमधून आत शिरतं आणि आमच्या ताब्यात येतं. इथून पुढे त्याचे ग्रह फिरतात.

आमच्या तळटाकीचं झाकण दोन पावसाळ्यांपूर्वी फुटलं. तेव्हापासून तोंडावर प्लायवूडचा तुकडा आहे आणि त्यावर वॉचमनची खुर्ची. मागे कधीतरी टाकी साफ केली तेव्हा तळाशी दोन चेंडू, एक चप्पल आणि माजी अध्यक्षांचा हरवलेला चष्मा निघाला. चष्मा त्यांनी साबणाने तीनदा धुतला. पाणी आम्ही तसंच प्यायलो होतो.

तसंच म्हणजे अगदी तसंच नाही. आमच्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर आरओचं यंत्र लटकलेलं आहे. एक लिटर पाणी प्यायला द्यायचं तर ते दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. म्हणजे भांडुपने गाळलेलं पाणी आम्ही टाकीत नासवतो, वीज जाळून पुन्हा गाळतो आणि त्यातलं बरंचसं गटारात घालवतो. पाहुणे आले की मात्र बाटली फोडतो. घरच्या यंत्रावर आमचाही विश्वास नाही.

आम्हीच तेवढे असे, असंही नाही. घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत जुन्या चार मजली इमारती पडतायत आणि वीस-पंचवीस मजली टॉवर उभे राहतायत. अंधेरीच्या एखाद्या टॉवरच्या जाहिरातीत तरणतलाव निळाशार दिसतो. तो भरणार कुठल्या धरणाच्या जिवावर, ते बारीक अक्षरांतही छापत नाहीत. मग पाणी कमी पडलं की मागणी ठरलेली: आणखी एक धरण बांधा, आणखी एक केंद्र उभारा. केंद्र हवंच, जुनं कुठवर रेटणार? पण ते टाकीच्या झाकणाची जागा घेऊ शकत नाही.

सभेच्या अखेरीस नव्या केंद्राच्या स्वागताचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. झाकणाचा विषय तीन कोटेशनं मागवून पुढच्या सभेपुढे ठेवण्याचं ठरलं.

वाचकहो, नवं केंद्र सुरू व्हायला वेळ लागेल. तोवर आज रात्री जेवण झालं की खाली उतरा आणि आपल्या टाकीवर टॉर्च मारा. झाकण आहे का, एवढंच बघा.