शुक्रवारपासून नक्की

पुण्यातला माणूस नव्या कामाला सोमवारपासून लागतो, पिंपरी-चिंचवडचा शुक्रवारपासून. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे इथला आठवडा शुक्रवारी उजाडतो. शाळा आणि बँका मात्र सोमवारीच उघडतात. म्हणजे संकल्प सोडणाऱ्याला आठवड्यात दोन मुहूर्त! शुक्रवार हुकला की सोमवार, आणि सोमवार हुकला की, ‘आता मधली सुट्टी जाऊ दे, शुक्रवारपासून नक्की.’ या दोन मुहूर्तांच्या मध्ये जो सुखाने नांदतो, त्याला आपण शुक्रवारकर म्हणू. निगडीपासून मोशीपर्यंत असा एक जण नाही अशी सोसायटी सापडायची नाही.

शुक्रवारकर डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहेत. वय पंचेचाळीस, पोट त्याहून थोडं पुढे. त्यांचे मुद्दे चार: रोज पळायचं, इंग्रजी सुधारायचं, राहिलेली डिग्री पुरी करायची आणि भोसरीत एखादा गाळा घेऊन स्वतःचं व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरवालं मशीन, टाकायचं. पळण्यासाठी ट्रेडमिल आणली आहे. तिच्या डाव्या दांड्यावर ओला टॉवेल, उजव्यावर युनिफॉर्मची पँट आणि पट्ट्यावर उन्हाळ्यातल्या कुरडयांचा डबा असतो. व्हीएमसीचं कोटेशन दरवर्षी मागवतात. ‘व्हॅलिडिटी तीस दिवस’ ही ओळ त्यांनी इतक्या वेळा वाचली आहे की मशिनवाल्याचा सेल्समन आता त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो.

हा माणूस आळशी आहे असं मात्र कुणी समजू नये. त्यांना एकदा कंपनीत बघावं. सकाळच्या मीटिंगला बोर्डासमोर उभे राहिले की वाघ! मुद्दा, जबाबदार कोण, टार्गेट डेट, स्टेटस. रकान्यात ‘लवकरच’ असं लिहिलेलं दिसलं की खिशातून लाल पेन निघतं. “लवकरच ही तारीख कुठल्या कॅलेंडरात असते?” हा त्यांचा प्रश्न अख्ख्या लाईनला पाठ आहे. ट्रेनिंगला उभे राहिले की मसाकी इमाईंनी 1986 साली ‘कायझेन’ हे पुस्तक कसं लिहिलं इथपासून सुरू करतात आणि शेवटी सांगतात, “मोठी उडी मारू नका. आज एक वीत पुढं सरका, उद्या आणखी एक.” नवी पोरं माना डोलवतात. शुक्रवारकर बसने घरी येतात, बूट काढतात आणि ट्रेडमिलकडे पाठ करून टीव्ही लावतात.

बायकोने एकदा विचारलंच, “ते मशीन वापरत का नाही?” त्यावर साहेबांनी रीतसर व्हाय-व्हाय केलं. पळत का नाही? वेळ नाही. वेळ का नाही? यायला उशीर होतो. उशीर का? चाकणच्या तळेगाव चौकात बस अडकते. का अडकते? कंटेनर आणि कांद्याचे ट्रक एकाच रस्त्यावर येतात. का येतात? रस्ता रुंद झालेला नाही. पाच वेळा ‘का’ विचारून झालं आणि मूळ कारण थेट सरकारी निघालं! शुक्रवारकर निर्धास्त झाले. ताइची ओनोंनी टोयोटात रुजवलेली ही पद्धत तळेगाव चौकात इतकी आरामात पार्क झालेली खुद्द ओनोंनाही बघवली नसती. हेच उत्तर एखाद्या ऑपरेटरने लिहून आणलं असतं तर शुक्रवारकरांनी कागद परत केला असता: “मूळ कारण आपल्या हातातलं पाहिजे. पुन्हा करून आण.”

मुहूर्ताचा हा नाद काही फक्त आपल्याकडचा नाही. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी 2014 साली दाखवून दिलं की आठवडा, महिना किंवा वर्ष नवं लागलं की जिमकडे वळणारी पावलं वाढतात. जुना ढिला माणूस मागच्या पानावर राहिला, आता नवी वही, असं मनाला वाटतं. शुक्रवारकरांच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. त्यांनी त्याच रात्री वर्षभराच्या नव्या सुरुवातींची एक्सेल शीट केली. पाडवा, वाढदिवस, एक तारखा, सगळे शुक्रवार. शीट इतकी देखणी झाली की ती पूर्ण करण्यात दोन शुक्रवार गेले.

शेवटी घरातच ऑडिट लागलं. आठवीतल्या लेकीने बाबांच्या बॅगेतला लाल टॅग काढला. कारखान्यात फाइव्ह-एस करताना बिनकामाच्या वस्तूला लावतात तो. तो भरून तिने ट्रेडमिलला बांधला. वस्तू: ट्रेडमिल. शेवटचा वापर: आठवत नाही. निर्णय: भंगार. जबाबदार: बाबा. शुक्रवारकर हसले, पण टॅग काढायला त्यांचा हात धजेना. लाल टॅग निर्णय झाल्याशिवाय काढायचा नाही, हा नियम त्यांनीच कंपनीत बसवलेला.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद लागला. त्यावर एकच मुद्दा होता: ‘संध्याकाळी बसमधून उतरल्यावर घरी येऊन बूट न काढता गेटपर्यंत जाणे. आजच.’

“हे काय उद्दिष्ट झालं?” साहेब म्हणाले. “गेट तर इथंच आहे.”

“कायझेन लहानच असतं ना?”

या पोरीने पीटर गोलविट्झरचं नावही ऐकलेलं नाही. ‘मी व्यायाम करीन’ असं नुसतं ठरवणाऱ्यापेक्षा ‘अमुक वेळ झाली, अमुक ठिकाणी पोहोचलो, की अमुक करीन’ असं ठरवणाऱ्याच्या हातून ते जास्त वेळा पार पडतं, हे या मानसशास्त्रज्ञाचं 1999 सालचं म्हणणं तिने फ्रिजवर चुंबकाने चिकटवून टाकलं होतं. वार बुधवार होता. ना महिन्याची सुरुवात, ना आठवड्याची. अशा बिनमुहूर्ताच्या दिवशी शुक्रवारकर बूट घालून गेटवर गेले.

गेटवर वॉचमन होता, परभणीकडचा. त्याच्यापुढे रजिस्टर. “साहेब, कुठं निघाले?” त्याने सहज विचारलं. आता नुसतं गेटला हात लावायला आलोय असं कसं सांगणार? “जरा दुर्गा टेकडीकडं,” असं तोंडातून निघून गेलं आणि मग जावंच लागलं. दुसऱ्या दिवशी वॉचमनने स्वतःहून विचारलं. तिसऱ्या दिवशी शुक्रवारकर खाली आलेच नाहीत, तर चौथ्या दिवशी त्याने चारचौघांत हाक मारली, “काल आले नाही जणू?” बाहेरच्या ऑडिटरला महिनाभर गोडीगुलाबीने फिरवणारे शुक्रवारकर या प्रश्नापुढे गप्प झाले.

इतकी वर्षं अडलं होतं ते इथं. कंपनीत कामं होतात ती शुक्रवारकर तिथं जास्त शूर असतात म्हणून नव्हे. मुद्दा एका वितीचा असतो आणि सकाळी कुणीतरी नाव घेऊन विचारतं, म्हणून होतात. घरचे मुद्दे मात्र चांगले हातभर लांब, आणि विचारायला कुणी नाही. स्वतःच मालक, स्वतःच कामगार, स्वतःच इन्स्पेक्टर. अशा दुकानातून माल कधी वेळेवर निघालाय?

आता ते आठवड्यातले चार-पाच दिवस टेकडीवर जातात. ट्रेडमिल एका नातेवाईकाकडे गेली. तिच्यावर आता त्यांचे टॉवेल वाळतात. व्हीएमसीचा मुद्दा लहान होऊन ‘गुरुवारी भोसरीत एक गाळा बघून येणे’ एवढा झाला आहे. डिग्री आणि इंग्रजी अजून ओपन आहेत.

पण जित्याची खोड. परवा संध्याकाळी शुक्रवारकर गेटवर आले ते हातात प्रिंट घेऊन. आठ रकान्यांचा नवा फॉर्मॅट, वर रिव्हिजन नंबर, खाली सहीला जागा. “उद्यापासून माझी एंट्री यात करायची,” ते समजावू लागले, “म्हणजे ट्रेंड काढता येईल. आजचा दिवस आपण फॉर्मॅट फायनल करू.”

वॉचमनने कागद घेतला, घडी घालून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारला आणि गेट उघडून धरलं. “ते फारमॅटचं मी बघतो, साहेब. तुम्ही आधी बाहेर व्हा.”