सध्या फक्त बघतोय

काका आपल्याकडे आले की आधी चपला काढतात, मग टोपी, आणि मग खिशातलं चुंबक. टोपी खुंटीवर जाते, चुंबक थेट आपल्या सिंकवर. चिकटलं तर काका हळहळतात. “फसवलं तुम्हाला. 304 ग्रेडचं स्टील नाहीये हे.” सिंक बसवून चार दिवस झालेले असतात आणि बायको दारातून हे ऐकत असते.

नवीन किचन करायला निघालेला असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. आमचा नाशिकरोडचा आहे, म्हणजे अर्थातच प्रेसवाला. ज्याने जन्मभर नोटा छापल्या त्याच्या खिशातून पाचशेची नोट निघत नाही, हा विनोद अख्ख्या जेल रोडचा करून झालाय. काका स्वतःही त्याला मनमोकळं हसतात, आणि चहाचे पैसे आपल्याला देऊ देतात.

बजेट दीड लाख. हा आकडा 2016 चा आहे. नोटाबंदीनंतर करन्सी नोट प्रेस रात्रंदिवस चालू होती. रविवार नाही, सुट्टी नाही. त्या ओव्हरटाइममध्ये भर घालून काकांनी एफडी केली आणि पावतीवर पेन्सिलीने ‘किचन’ असं लिहिलं. पावती दरवेळी नवी होते, किचन जुनंच. “सिंहस्थाच्या आत उरकायचंय, पाहुणे स्नानाला येतील,” असं ते सध्या 2027 बद्दल म्हणतात. 2015 च्या सिंहस्थाआधीही हेच म्हणत होते. पाहुणे आले, रामकुंडावर जाऊन आले, जुन्या कडप्प्याच्या ओट्यावरची पुरणपोळी खाऊन गेले. 2003 मध्ये काका क्वार्टरमध्ये होते, म्हणून ते साल सुटलं.

दुकानदाराने “काय दाखवू?” विचारलं की उत्तर ठरलेलं: “दाखवा, सध्या फक्त बघतोय.” भांडी बाजारापासून अंबडपर्यंत त्यांना सगळे ओळखतात. लॅमिनेटचा नमुना हातात आला की ते आधी उजेडासमोर धरतात. त्यात वॉटरमार्क नसतो. पण हाताची सवय जात नाही. कोटेशनमध्ये रनिंग फूट दिसलं की स्क्वेअर फूट मागतात, स्क्वेअर फूट दिलं की रनिंग. सगळं मनासारखं झालं की जीएसटीचे 18 टक्के पाहतात आणि पाणी पिऊन उठतात.

प्लायचं प्रकरण तर घरातच घडलं. 710 नंबरचा मरीन प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे, असं मानक आहे. काकांनी नाशकातल्याच द्वारकेहून वीतभर तुकडा फुकट आणला आणि रात्री कुकरमध्ये लावला. सकाळी काकूंनी वरणासाठी कुकर उघडला. पुढचा तपशील काका सांगत नाहीत. “72 तासांचा गॅस परवडला नसता,” एवढंच म्हणतात.

पण त्यांची खरी श्रद्धा चुंबकावर. लग्नात जेवताना ताटाला लावतात, दवाखान्यात सलाईनच्या स्टँडला. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरी भांडी बाजारात शिरली. पाणी ओसरल्यावर लोक चिखल काढत होते आणि काका चुंबक घेऊन पातेल्यांतून फिरत होते. सुनेने इंडक्शनची भांडी आणली तेव्हा चुंबक टपकन चिकटलं. काका तणतणत दुकानात गेले. “काका, याला चिकटलंच पाहिजे, नाहीतर तापणार नाही,” असं मालकाने समजावलं. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. स्वस्तातल्या 202 ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काकांना कुणी सांगत नाही. मीही सांगणार नाही.

मागच्या महिन्यात मात्र मिस्त्री खरोखर माप घ्यायला आला. तेव्हा मी तिथेच होतो, कारण काकांना टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता.

“ओटा 34 इंच. स्टँडर्ड,” मिस्त्री म्हणाला.

“30.”

“काका, उद्या फ्लॅट विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक नाक मुरडेल.”

“नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये ही पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. दोनदा पडली. गिऱ्हाईक काय पोळ्या लाटणारे का माझ्या घरी?”

म्हणजे इतकी वर्षं गावभर लोकांचे ओटे मोजत फिरला तो यासाठी. मला काकांबद्दल बरं वाटायला लागलं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

काकू आतून म्हणाल्या, “30 नको नि 34 नको. उभं राहतंय कोण आता? गुडघे बघा माझे. खुर्चीत बसून भाजी चिरता येईल असं काहीतरी करा. केलं असतंत तेव्हा, तर पाट सुटला असता.”

काका टेप गुंडाळत राहिले. टेप गुंडाळून झाली तरी बोटं फिरतच होती. मग त्यांनी मिस्त्रीला विचारलं, बसून वापरायचा ओटा वेगळा घेतला तर किती?

“आठ हजार जास्तीचे.”

“बरं.”

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. रनिंग फूट नाही, जीएसटी नाही, चुंबकही खिशातच. तो इतका घाबरला की त्याने आपणहून पाचशे कमी केले.