विद्युत मोटार : रचना, पल्ला आणि सोसायटीची परवानगी

विद्युत मोटार म्हणजे बॅटरीत साठवलेल्या विजेवर चालणारी मोटार. तिला क्लच नसतो, सायलेन्सर नसतो, ऑइल बदलण्याचे दुखणे नसते आणि पीयूसीचे प्रमाणपत्रही लागत नाही. बॉनेट उघडून आत गंभीरपणे बघत उभे राहणे हा मराठी पुरुषाचा पिढीजात हक्क, आणि या गाडीने पहिला घाला त्यावरच घातला. आत एक चंदेरी पेटी आणि जाड नारिंगी वायरी दिसतात. नारिंगी वायरीत उच्च दाबाची वीज असते, तेव्हा तिला बोट लावून ‘हे काय?’ असे विचारता येत नाही. बघणारा ‘अच्छा’ म्हणतो आणि बॉनेट बंद होते.

ही गाडी नवी आहे हा समज चुकीचा आहे. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा जगात पहिल्यांदा ओलांडला तो विजेच्या गाडीनेच. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने तो पराक्रम केला. पुढे हेन्री फोर्डने पेट्रोलच्या मोटारी घरोघर पोचवल्या, तेव्हा त्याची पत्नी क्लारा स्वतःसाठी विजेची गाडी चालवत होती. संसारात असे चालते. १९१२च्या सुमारास पेट्रोलच्या गाडीला बटणाने सुरू होणारा स्टार्टर बसला, हँडल मारून मनगट मोडून घेण्याची गरज संपली, आणि विजेची गाडी अडगळीत गेली.

भारतात ती २००१ साली बेंगळुरूच्या ‘रेवा’च्या रूपाने आली. दोन दारे, पुढे दोन मोठी माणसे, मागे दोन मुले (तीही शक्यतो हट्ट न करणारी) आणि एका चार्जवर सुमारे ८० किलोमीटर. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ नावाने हिंडली. २०१०मध्ये महिंद्राने ही कंपनी ताब्यात घेतली. पण मध्यमवर्गाने ‘घ्यावी का?’ असा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारायला सुरुवात केली ती जानेवारी २०२०मध्ये टाटांची विजेवरची नेक्सॉन आल्यावर. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या या गाडीच्या बॅटरीत ३०.२ युनिट वीज मावत असे. युनिट तेच, जे दरमहा बिलावर छापून येते आणि ज्यावरून घरात गीझर बंद करण्याविषयी बोलणी होतात.

गाडी एका चार्जवर किती जाते याला पल्ला म्हणतात. तो ठरवणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एआरएआय पुण्यात, वेताळ टेकडीच्या कुशीत आहे. चाचणीत गाडी रोलरवर चढवून ठरावीक वेगाच्या ठरावीक चढउतारांनी चालवतात. समोरून वारा नसतो, मागच्या सीटवर पाहुणे नसतात, डिकीत हापूसच्या पेट्या नसतात. अशा रीतीने जागची न हलता पहिली नेक्सॉन ३१२ किलोमीटर गेली. रस्त्यावर आल्यावर ती दोनशे-सव्वादोनशेच्या आसपास जाते असे मालकांच्या ध्यानात आले. यात फसवणूक नाही. सगळ्याच गाड्या त्याच रोलरवर मोजल्या जातात, त्यामुळे तुलनेपुरता तो आकडा प्रामाणिक असतो. शिवाय पुण्याने दिलेल्या प्रमाणपत्रावर शंका घेणे महाराष्ट्रात जरा धाडसाचेच.

पल्ला खातो तो मुख्यतः वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८०ने जाणाऱ्याला जे अंतर मिळते ते ११०ने जाणाऱ्याला मिळत नाही. पेट्रोलची गाडी शहरात जास्त पिते आणि हायवेवर कमी. इथे नेमके उलटे आहे. ब्रेक मारताना मोटर जनित्रासारखी चालते आणि गाडीची गती विजेच्या रूपाने बॅटरीत परत जमा होते. कर्वे रोडवर संध्याकाळी साडेसहाला चालणारी विद्युत मोटार म्हणूनच बऱ्यापैकी सुखी असते. आतल्या माणसांविषयी तसे म्हणता येत नाही.

घाटाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर उचलावी लागते. माणसांसकट दीड टन वजन धरले तर एवढ्या कामाला सव्वादोन युनिट लागतात. मोटरमधली घट आणि नेहमीचे चालणे मिळवून साडेतीन-चार युनिट सहज जातात. तीस युनिटांच्या बॅटरीचा दहावा भाग किंवा थोडा जास्तच थोड्या किलोमीटरांत नाहीसा होतो. मराठी मध्यमवर्गाची टक्क्यांशी ओळख दहावीच्या निकालापासूनची. तिथे ३५ला पास होऊन पेढे वाटणारी माणसे बोरघाटात पडद्यावर तेच ३५ पाहून एसी बंद करतात, काचा खाली घेतात आणि गाणे लावणाऱ्यालाही गप्प बसवतात. गाण्याला वीज जवळजवळ लागत नाही हे सांगून उपयोग नसतो. उतरताना चढायला खर्च झालेल्या विजेचा काही भाग परत मिळतो. अपवाद एकच. लोणावळ्याला उत्साहाने शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला लागणाऱ्याला काहीच परत मिळत नाही, कारण भरलेल्या बॅटरीत ठेवायला जागा नसते. त्याला ब्रेकच तापवत खाली यावे लागते.

आता चार्जिंग. घरच्या १५ ॲम्पिअरच्या प्लगमधून, म्हणजे गीझरला असतो तसल्या, तासाला सव्वातीन युनिटांच्या आसपास वीज जाते. रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. रात्री लावावे, सकाळी काढावे. बंगला असणाऱ्यांसाठी हा विषय इथे संपतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी तो इथे सुरू होतो. मीटर असतो जिन्याखालच्या मीटररूममध्ये आणि पार्किंग मिळालेले असते इमारतीच्या विरुद्ध टोकाला, नारळाच्या झाडाखाली. मधली वायर कुणाच्या तरी पार्किंगवरून, कुणाच्या तरी गॅलरीखालून आणि कुणाच्या तरी जुन्या रागावरून न्यावी लागते. तेव्हा अर्ज करतात. अर्ज सेक्रेटरींकडे जातो, सेक्रेटरी तो कमिटीपुढे ठेवतात, कमिटी तो सर्वसाधारण सभेकडे ढकलते. सभेत तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ या सदरात येतो. त्याआधी गळती, पाण्याची वेळ आणि पाचव्या मजल्यावरची कुंडी हे विषय होईपर्यंत गणसंख्येतले निम्मे लोक जेवायला गेलेले असतात.

आक्षेप साधारण ठरलेले असतात. पहिला आगीचा. हा मोबाइलवर आलेल्या व्हिडिओवर आधारलेला असतो. व्हिडिओतले वाहन स्कूटर आहे, देशही दुसरा आहे, याने फरक पडत नाही. दुसरा पैशांचा : ‘कॉमन मीटरवरून तर घेणार नाही ना?’ या शंकेला इतिहास आहे. लिफ्टच्या पॅसेजमधल्या प्लगला रात्री एक्स्टेन्शन लावून पहाटे गुंडाळणारी माणसे बऱ्याच इमारतींत असतात, आणि वॉचमनला ती नावानिशी ठाऊक असतात. तिसरा आक्षेप मंडळातून निवृत्त झालेले एक काका घेतात. वीज मंडळाचे २००५ साली विभाजन झाले, महावितरण वेगळी कंपनी झाली, पण काका एमएसईबीतूनच निवृत्त झालेले असतात. ते उभे राहिले की सभा शांत होते.

‘उद्या सगळ्यांनी मागितले तर?’ एवढेच काका विचारतात.

थट्टा बाजूला ठेवली तर चर्चेतला हा एकमेव खरा प्रश्न आहे. चाळीस फ्लॅटांच्या इमारतीत चाळीस गाड्या एकाच वेळी प्लगला लागल्या तर १३० किलोवॅटांहून अधिक भार येईल, आणि वीस वर्षांपूर्वी मंजूर झालेला भार ट्यूबलाइट, पंखे, फ्रिज यांच्या हिशेबाने घेतलेला असतो. उत्तरही आहे. सगळ्या गाड्या रोज रिकाम्या होत नाहीत, रात्र लांब असते, आणि आळीपाळीने वीज देणारी उपकरणे मिळतात. दोन-चार सामाईक चार्जर स्वतंत्र मीटरवर बसवले तरी बरीच वर्षे भागते. मात्र आळीपाळी हा शब्द उच्चारताच पाण्याच्या टँकरच्या आठवणी जाग्या होतात आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब होतो. असलेल्या वीजजोडणीवरून घरी गाडी चार्ज करता येईल असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. त्यावर कमिटीची भूमिका अशी की ते ठीक आहे, पण ऊर्जा मंत्रालय या बिल्डिंगमध्ये राहत नाही.

सार्वजनिक चार्जिंग केंद्रांवर परवानगी लागत नाही, ॲप लागते. दर कंपनीचे वेगळे ॲप, त्यात वेगळे वॉलेट, आणि दर वॉलेटमध्ये कधीही खर्च न होणारे साठ-सत्तर रुपये. चार्जर बरेचदा मॉलच्या तळघरात असतो, तिथे मोबाइलला रेंज नसते, आणि ओटीपीला रेंज लागते. ओटीपी घ्यायला माणूस रॅम्प चढून वर जातो तोवर दुसरा गाडी लावतो. जलद चार्जर तासाभरात बॅटरी बरीचशी भरतो, पण ८० टक्क्यांनंतर वेग मुद्दाम कमी होतो, कारण भरत आलेल्या बॅटरीत तितक्याच जोराने वीज कोंबली तर तिचे आयुष्य घटते. शहाणा माणूस ८०ला निघतो. शंभर होईपर्यंत चार्जरची गन अडवून आत थालीपीठ खात बसलेल्या माणसाविषयी रांगेतले लोक जे बोलतात ते इथे देण्यासारखे नाही. हायवेवरच्या हॉटेलांनी चार्जर उत्साहाने का बसवले हे मात्र बिल आल्यावर समजते. चार्जिंगचे चारशे होतात आणि त्या पाऊण तासात चार जणांचे खाणे आठशेवर जाते. दुसरा आकडा प्रति किलोमीटर खर्चात कुणी धरत नाही.

गाडी बंद पडण्याचा एक प्रकार या वाहनाच्या खास स्वभावाला धरून आहे. तळाशी काही लाखांची मोठी बॅटरी असते, पण दारांची कुलुपे, पडदे आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच हे सारे बारा व्होल्टच्या एका लहानशा साध्या बॅटरीवर चालते. ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. साहेब कार्यालयात आहेत, पण किल्ली शिपायाकडे आहे, असा हा प्रकार.

खर्चाचा हिशेब मात्र चोख लागतो. एका युनिटवर गाडी सहा-सात किलोमीटर जाते. घरची वीज दहा रुपये धरली तर किलोमीटरला दीड रुपया. शंभरीपार गेलेल्या पेट्रोलवर पंधराचे ॲव्हरेज देणारी गाडी सात रुपयांच्या घरात जाते. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पन्नास-पंचावन्न हजार वाचतात. त्यातून एक बारीक वजाबाकी करावी लागते. गाडी महिन्याला सव्वाशेवर युनिट खाते आणि महावितरणचे दर १००, ३००, ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी चढतात, म्हणजे गाडीमुळे घर वरच्या पायरीवर जाते. तरीही रोज चालणाऱ्याला ही गाडी परवडते आणि फक्त रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जाणाऱ्याला परवडत नाही. शोरूममध्ये प्रत्यक्षात हा दुसराच जास्त वेळ बसलेला दिसतो.

सरकारने हात सैल सोडला आहे. जीएसटी ५ टक्के आहे. महाराष्ट्राच्या २०२५च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विद्युत मोटारींना टोलमाफी जाहीर झाली. या कल्पनेचा एक उगम नॉर्वेत आहे. ‘आ-हा’ या पॉप वाद्यवृंदाचा गायक मोर्टन हार्केट आणि त्याचे पर्यावरणवादी मित्र यांनी १९८९मध्ये विजेवर चालणारी एक फियाट पांडा आणली आणि टोल भरायला नकार दिला. दंड साचला, गाडी जप्त झाली, लिलाव झाला, आणि त्यांनीच ती परत विकत घेतली. १९९७मध्ये तिथे अशा गाड्यांना टोल माफ झाला आणि २०२४मध्ये तिथल्या शंभर नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ विजेच्या होत्या. महाराष्ट्रात टोल न भरण्यासाठी गाडी विजेची असावी अशी अट पूर्वी नव्हती. ओळख पुरत असे.

भारतात २०२४मध्ये शंभर नव्या मोटारींत विजेच्या अडीचच्या आसपास होत्या. तीनचाकींत मात्र निम्म्याहून अधिक होत्या. रिक्षावाला रात्री गल्ला मोजून निर्णय घेतो. मोटार घेणारा मेहुण्याला विचारून घेतो, आणि मेहुण्याकडे डिझेल असते. बाजार तरीही गजबजलेला आहे. महिंद्राने २०२४च्या अखेरीस ‘बीई ६ई’ आणली, तर ‘६ई’ हा संकेत आपला आहे म्हणून इंडिगो विमान कंपनी कोर्टात गेली. शेवटी गाडीच्या नावातला ‘ई’ काढला, वीज तेवढी राहिली. जुलै २०२५मध्ये टेस्लाने देशातले पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. आयातशुल्कामुळे गाडीची किंमत तेव्हा सुमारे साठ लाखांपासून सुरू होत होती. पाहण्यावर शुल्क नसल्याने पाहणारे पुष्कळ आले.

पर्यावरणाचा मुद्दा खासगी गाडीच्या हिरव्या नंबरप्लेटवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला असतोच. या गाडीतून धूर निघत नाही. तो चंद्रपूर आणि कोराडीला निघतो. कोळशाची वीज धरूनही किलोमीटरमागचे प्रदूषण पेट्रोलपेक्षा कमी भरते, हे मान्य करायला हवे. चंद्रपूरकरांनी ते कोणत्या स्वरात मान्य करावे हा वेगळा प्रश्न.

शेवटी राहतो जुन्या गाडीचा व्यवहार. बॅटरीवर बऱ्याच कंपन्या आठ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरची हमी देतात, त्यामुळे सहाव्या वर्षी विकायला काढलेल्या गाडीची किंमत घासाघीस करताना भराभर उतरते. घेणारा आपला नेहमीचा मेस्त्री बरोबर आणतो. पेट्रोलची गाडी असती तर मेस्त्रीने ती सुरू करून, कान देऊन, डोळे मिटून निदान केले असते. इथे ऐकू येण्यासारखे काही नसते. मालक सर्व्हिस सेंटरमधून आणलेला बॅटरीच्या तब्येतीचा कागद पुढे करतो. मेस्त्री तो दोन्ही बाजूंनी पाहतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, खाली वाकतो आणि म्हणतो, ‘बॅटरीचं मला विचारू नका साहेब, पण चारही टायर गेलेत.’ तेवढे त्याचे बरोबर असते. बॅटरीचे वजन आणि मोटरची पहिल्या क्षणापासूनची ओढ यांमुळे विद्युत मोटारीचे टायर लवकर झिजतात.