चिरंजीवांची कॉर्व्हेट

ट्रॉय, मिशिगन
श्रावण, शनिवार

ती. बाबा व ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले चिरंजीव खुशाल आहेत. जेवण व्यवस्थित, झोप मात्र उडालेली. कारण दुखणे नव्हे, मोटार. रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली १९६३ सालची शेवरोलेट कॉर्व्हेट विकायला काढली आहे, आणि एरवी सोफ्यावरून न हलणारे चिरंजीव आता रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला नेमके त्याच बाजूला जातात. सूनबाईंनी रीतसर चौकशी केली. स्थळाची माहिती येणेप्रमाणे.

घराणे इकडचेच. जनरल मोटर्सने १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात कॉर्व्हेट पहिल्यांदा मांडली आणि त्याच वर्षी ट्रॉयपासून तासाभरावरच्या फ्लिंटमध्ये तिचे पहिले ३०० नग बहुतांशी हातानेच बांधले. सगळ्या पांढऱ्या, आतून सगळ्या लाल. अंग पत्र्याचे नाही, फायबरग्लासचे. रूप शर्यतीचे, पण इंजिन सहा सिलिंडरचे आणि गिअर दोनच, तेही आपोआप पडणारे. लोकांनी पाहिली पुष्कळ, घेतली थोडी. १९५५ साली तर जेमतेम ७०० बनल्या. त्याच वर्षी तिला व्ही-८ इंजिन मिळाले. ब्रसेल्समध्ये रशियन आईबापांच्या पोटी जन्मलेला झोरा आर्कस-डन्टॉव्ह हा इंजिनिअर त्या पहिल्या प्रदर्शनातच गाडीवर भाळून कंपनीत दाखल झाला होता. तो पुढची वीसेक वर्षे हात धुऊन तिच्या मागे लागला. (गाडी पाहून माणसाने नोकरी बदलल्याचे हे उदाहरण चिरंजीव फार वरचेवर देतात. बाबांनी लक्ष ठेवावे.)

विक्रीला असलेली गाडी १९६३ ची स्टिंग रे कूपे आहे, आणि सगळे घोडे तिच्या मागच्या काचेपाशी अडते. त्या एकाच वर्षी मागची काच मधोमध दांडा घालून दुभागलेली होती. डिझाइन खात्याचे मुख्य बिल मिचेल यांचा त्या दांड्यावर भारी जीव. डन्टॉव्हचे म्हणणे असे, की चालवणाऱ्याला मागचे दिसणार कसे? पहिल्या वर्षी मिचेल जिंकले, १९६४ मध्ये दांडा गेला. तोवर १०,५९४ कूपे बाहेर पडल्या होत्या. त्यांतल्या काही मालकांनी गाडी नव्या मॉडेलची दिसावी म्हणून दांडा कापून सलग काच बसवून घेतली! आज नेमक्या त्या दांड्यासाठी लोक दुपटीने पैसे मोजायला तयार असतात. तेव्हा सव्वाचार हजार डॉलरच्या आसपास मिळणारी गाडी शेजारचे गृहस्थ लाखाच्या वर सांगत आहेत. डॉलरच. आईंनी रुपयांत हिशेब करू नये, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत.

किंमत ठरते ती नंबरांवर. गाडीच्या नंबरपट्टीवर ‘८३७’ असेल तर ती मुळातली कूपे. ‘८६७’ असेल तर उघड्या टपाची. इंजिनच्या पुढच्या बाजूला ठोकलेला आकडा पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळला, तर इंजिन जन्मापासून त्याच गाडीतले. जुळले की भाव चढतो, म्हणून खोटे आकडे ठोकणारेही आहेत. पत्रिकेला नाके मुरडून लग्न केलेले आपले चिरंजीव हल्ली हातात बॅटरी आणि भिंग घेऊन गुण जुळवत असतात.

तपासणीला जाताना त्यांनी फ्रिजवरचा सिद्धिविनायकाचा लोहचुंबकही नेला होता. रंगाखाली लांबी भरली असेल तिथे चुंबक चिकटत नाही, असे त्यांनी वाचले होते. तो कुठेच चिकटेना, तेव्हा ते हादरले. मालकांनी शांतपणे फायबरग्लासची आठवण करून दिली. अंग गंजत नाही हे खरे. पण आसनांभोवतीचा आतला सांगाडा पोलादी असतो, त्याला इकडे पिंजरा म्हणतात, आणि तो आतल्या आत सडतो. डेट्रॉईट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात. तेव्हा मिशिगनमध्ये जुनी गाडी घेणाऱ्याने पाहायचा तो पिंजरा. इथला म्हणे कोरडा आहे.

आता संसाराच्या बाजूने. आसने दोन, माणसे चार. मागे सामानाला जागा आहे, पण डिकीला बाहेरून झाकणच नाही. तांदळाची पोती आसनांमागून आत ढकलायची. एसी त्या वर्षी अवघ्या २७८ गाड्यांत होता आणि ही त्यांतली नव्हे. पेट्रोलचा विषय चिरंजीवांनी काढू दिला नाही. याउलट त्यांनी नातवंडांना केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयाची गोष्ट सांगून फितवले आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत तिथली जमीन एकाएकी खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. त्यांतल्या तीन दुरुस्त केल्या. बाकीच्या चेमटलेल्या अवस्थेतच मांडल्या, आणि लोक त्याच बघायला येतात. ‘म्हणजे आपली खड्ड्यात गेली तरी तोटा नाही,’ असा निष्कर्ष धाकट्याने काढला.

आज वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक आहे. १९९५ पासून दर ऑगस्टात निघते. मालक चिरंजीवांना शेजारच्या आसनावर बसवून घेऊन गेले आहेत. गाडी विकण्याची याहून पक्की युक्ती सूनबाईंच्या पाहण्यात नाही.

सौदा तूर्त गॅरेजवर अडला आहे. अशा गाडीचा विमा हवा तर ती बंद गॅरेजात ठेवावी लागते, आणि गॅरेजात मंडळाच्या गणपतीचे मखर आहे. मखर हलवायचे तर कार्यकारिणीची परवानगी लागते. कार्यकारिणीत सूनबाई आहेत.

बाबांनी उद्या फोन करून चार शब्द सुनवावेत. मात्र चिरंजीव इंजिनचा आवाज ऐकवू लागले तर फोन लगेच आईंकडे द्यावा. चेतकच्या वेळचा बाबांचा अनुभव आईंनी सांगितला आहे.

आपली,
सूनबाई

ता. क. : भाजणी पोचली. कुरियरवाल्याने तीनदा वास घेतला.